गडद गेरू-विटकरी भिंती: खोली उबदार होते की गुहा?

वळणवाट
मंडळी, रंगकाम तोंडावर आलंय आणि घरात दोन तट पडलेत.

बसायची खोली लांबट आहे. एकाच बाजूला मोठी खिडकी, तीही उत्तरेला, म्हणजे ऊन असं आत येतच नाही. इतकी वर्षं भिंती फिकट होत्या आणि खोली कायम कोरडी, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहासारखी वाटायची. आता मला गडद मातकट रंग हवाय. भडक विटेचा लाल नको, तपकिरीकडे झुकलेला, गेरू वाळल्यावर दिसतो तसा. सोफा मळक्या हिरव्या कापडाचा आहे, दारं लालसर पॉलिशची, फरशी फिकट.

नवऱ्याचं म्हणणं, "गुहा होईल. फार तर एक भिंत कर." मला अर्धवट काही करायचं नाहीये. ज्यांनी असे रंग लावलेत आणि चार-दोन वर्षं त्यात काढलीत त्यांनी सांगा: एक भिंत की सगळ्या? छताचं काय? मॅट की चमक असलेला? आणि कंटाळा येतो का?

"पांढराच बरा" हा सल्ला सोडून काहीही चालेल.

उंटावरचा
पांढराच बरा.

(दिवे घ्या.)

भिंतीला_कान
आमच्या अभ्यासिकेच्या चारही भिंती गडद विटकरी आहेत. खरं सांगायचं तर त्या खोलीची दोन रूपं आहेत. दुपारी ढगाळ हवा असली की ती मरगळलेली दिसते, आत जावंसं वाटत नाही. संध्याकाळी कोपऱ्यातला टेबल लॅम्प लावला की त्याचा उजेड भिंतीवर पंख्यासारखा पसरतो, मधे तांबूस, कडेला जवळजवळ काळा. पुस्तकांच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं तेवढी उठून दिसतात. पाहुणे हटकून तिथेच बसतात.

तेव्हा पहिला प्रश्न हा की खोली कधी वापरता. दिवसभर वावर असेल तर विचार करा, रात्रीची असेल तर डोळे मिटून लावा. कंटाळा म्हणाल तर अजून आलेला नाही.

टिपकागद
मी विरुद्ध बाजूने. आमच्याकडे "एकच भिंत" होती आणि मला ती पहिल्यापासून ठिगळ वाटली. तीन भिंती फिकट क्रीम आणि एक अचानक गेरू, म्हणजे डबा संपला म्हणून काम थांबलंय असं. एक भिंत करायचीच असेल तर तिला काही कारण हवं: आत वळलेला कोनाडा, पुस्तकांचं कपाट, पलंगाची मागची बाजू. नुसती टीव्हीची भिंत हे कारण नाही.

उंटावरचा
टीव्हीची भिंत हे घरातलं सगळ्यात मोठं कारण असतं हो.

मोजपट्टी
"गुहा" हे मोजता येतं, म्हणून थोडं गणित.

शेडकार्डावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा एलआरव्ही नावाचा आकडा असतो, ० ते १०० मधला. भिंत किती टक्के प्रकाश परत फेकते ते त्यातून कळतं. पांढरे रंग ८० च्या पुढे असतात, वळणवाट म्हणतायत तसले मातकट रंग साधारण १० ते २० मधे.

आता एक रिकामी खोली घ्या, लांबी-रुंदी-उंची सारखी. भिंती ८०, छत ८५, जमीन ३०. सहा बाजूंची सरासरी ७२.५ टक्के. प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर उड्या मारत राहतो, त्यामुळे खोलीतला एकूण उजेड दिव्यातून निघालेल्या उजेडाच्या १ भागिले (१ वजा ०.७२५), म्हणजे सुमारे ३.६ पट भरतो. एक भिंत २० ची केली की तो २.७ पट होतो. चारही केल्या की १.५ पट. म्हणजे एका भिंतीने उजेड पाऊणपट राहतो आणि चारही भिंतींनी चाळीस टक्क्यांवर येतो.

फर्निचर, पडदे आले की मुळातला आकडाच उतरतो, म्हणून प्रत्यक्षात फरक एवढा जाणवत नाही. शिवाय दिव्याच्या थेट खाली धरलेल्या पुस्तकावर भिंतीच्या रंगाने फारसं काही बिघडत नाही. गुहा होते ती दिवा छताच्या मधोमध एकच असेल तर. तोच उजेड चार ठिकाणी वाटून खाली आणला की प्रश्न बराचसा संपतो.

तिरकस
रंगाऱ्याला हे गणित दाखवून बघतो. दर वाढवेल.

खिडकीबाई
मोजपट्टी, मस्त. त्यात एक भर. भिंतीवरून भिंतीवर उडी मारताना प्रत्येक वेळी प्रकाश थोडा जास्त लाल होतो, कारण निळा-हिरवा भाग भिंत गिळून टाकते. म्हणून शेडकार्डावर सभ्य दिसणारा रंग चारही भिंतींवर गेला की अंगावर येतो. ज्यांना चारही भिंती करायच्या आहेत त्यांनी आवडलेल्या छटेपेक्षा एक घर मळकट, करड्याकडे झुकलेली छटा निवडावी.

दुसरं, खिडकी ज्या भिंतीत आहे ती भिंत गडद करू नका. बाहेरचा लख्ख उजेड आणि भोवती काळपट चौकट असली की डोळे दिपतात, आणि दिवसाढवळ्या दिवा लावावासा वाटतो. खिडकीची भिंत फिकट ठेवली तर उजेड पायरी-पायरीने उतरतो. समोरच्या भिंतीवर थेट उजेड पडतो, गडद रंग तिथे खुलतो.

आणि उत्तरेचा उजेड! विषुववृत्ताच्या वर राहणाऱ्यांना उत्तरेच्या खिडकीतून आकाशाचा निळसर उजेड मिळतो. त्यात लाल-तपकिरी रंगाची ऊब मरते आणि गुलाबी झाक असलेल्या छटा तर जांभळट दिसायला लागतात. पिवळट झाक असलेली छटा घ्या.

वळणवाट
खूपच उपयोगी. खिडकीच्या भिंतीचं डोक्यातच आलं नव्हतं.

नमुन्याचे छोटे डबे आणून आत्ताच्या भिंतीवर दोन चौकोन रंगवलेत. दोन्ही भयंकर काळे दिसतायत, विशेषतः संध्याकाळी. नवरा चौकोनाकडे बघून काही बोलत नाही, फक्त मोबाइलचा टॉर्च लावतो.

तिरकस
नवऱ्याला माझा नमस्कार सांगा.

खिडकीबाई
वळणवाट, फिकट भिंतीवरचा छोटा गडद चौकोन कायम जास्त काळा दिसतो, शेजारच्या रंगामुळे. शेव्हरूल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसमधल्या गोब्लँच्या गालिचा-कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली, त्याने तपासलं तर रंग ठीकठाक होता, दोष शेजारच्या धाग्यांच्या रंगाचा होता. त्यावर त्याने १८३९ मधे अख्खा ग्रंथ लिहिला.

तेव्हा चौकोन भिंतीवर नको. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी सोडू नका आणि तो पुठ्ठा खोलीभर फिरवा. सोफ्यामागे उभा करा, दाराला टेकवा, कोपऱ्यात ठेवा. सकाळी, दुपारी, दिवे लावल्यावर. बघताना मागची फिकट भिंत डोळ्याआड होईल इतकं जवळ जा.

निशाचर
संध्याकाळी काळे दिसण्याला आणखी एक कारण आहे, ते डोळ्यात आहे. उजेड कमी झाला की आपली नजर लालकडून निळ्या-हिरव्याकडे सरकते. लाल आधी विझतो, निळा बराच वेळ टिकतो. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने १९व्या शतकात हे नोंदवलं, त्याच्याच नावाने ओळखतात. त्यामुळे तिन्हीसांजेला दिवे लावायच्या आधीची वेळ विटकरी भिंतीची सगळ्यात वाईट वेळ. त्या वेळेवरून रंग नाकारू नका.

पण दिवे नीट निवडा. डब्यावर ६५०० के (केल्विन, उजेडाच्या छटेचं माप) लिहिलेला पांढराशुभ्र एलईडी या रंगाचा शत्रू आहे, २७०० किंवा ३००० के घ्या. आणि सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा, ८० बघून समाधान मानू नका. तो आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीतून काढतात, गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. गडद लालचा आकडा वेगळा, आर९ नावाचा, आणि सीआरआय ८० असलेल्या दिव्यात तो शून्याच्या आसपासही असू शकतो. असला दिवा लावला की गेरू भिंत मेल्यासारखी तपकिरी दिसते आणि लोक रंगाला शिव्या घालतात. सीआरआय ९० च्या पुढचे दिवे घ्या, आर९ छापलेला असेल तर उत्तमच.

भिंतीला_कान
निशाचर यांना पूर्ण अनुमोदन. आमच्या खोलीत मधला दिवा थंड पांढरा होता तोवर "काय हे लावलंय" असं ऐकून घेत होतो. भिंत तीच, दिवा बदलला.

कुंचला
रंगकामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून कामाचं बोलतो.

गडद रंग ज्या बेसमधे, म्हणजे रंगद्रव्य घालायच्या मूळ रंगात, मिसळतात त्यात पांढरं टिटॅनियम डायऑक्साइड जवळपास नसतंच, आणि झाकण्याची ताकद मुख्यतः त्याचीच असते. म्हणून पांढऱ्या प्रायमरवर थेट गडद रंग मारला की दोन हातांत भागत नाही. प्रायमरच त्या रंगाच्या जवळचा, निदान करडा करून घ्या. तुमच्या नशिबाने मातकट छटा लोहाच्या ऑक्साइडवर बनतात आणि ती चांगली झाकतात. खरा त्रास स्वच्छ लाल आणि नारिंगीचा.

एका भिंतीला लागणारे सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करा. डब्याडब्यात किंचित फरक असतो, फिकट रंगात तो खपून जातो, इथे भिंतीच्या मधोमध रेघ दिसते. कडेचं कटिंग (ब्रशने कडा रंगवणं) आणि रोलर एका दमात, कड ओली असतानाच जोडायची. पंखा लावून, मधे गप्पा मारत काम केलं की पट्टे उठणारच. आणि एवढा रंगद्रव्याचा भरणा असला की रंग वाळायला वेळ घेतो. हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही, सामान लगेच भिंतीला चिकटवू नका.

फिनिश: जितकी चमक तितक्या पुट्टीच्या लाटा दिसणार, गडद रंगात तर दुप्पट. म्हणून मॅट. पण मॅटला नख लागलं तरी पांढरट ओरखडा उठतो, आणि पुसून पुसून घासलं की तिथेच चकचकीत डाग होतो. लहान मुलं असतील तर धुता येणारा मॅट किंवा हलकी साटीन, आणि त्याआधी पुट्टीवर पॉलिश पेपरचं काम मनापासून.

घर जुनं असेल तर एक: जुन्या थरांत शिसं असू शकतं. कोरडं घासून धूळ उडवू नका, आधी तपासून घ्या.

टिपकागद
छताचं काय, कुंचला? मला गडद भिंतीवर पांढरंफेक छत म्हणजे डब्याला झाकण ठेवल्यासारखं वाटतं.

कुंचला
छत फिकटच ठेवावं. उंची जास्त वाटते, आणि वरून उजेड परत मिळतो. मोजपट्टींनी वर मांडलंच आहे.

टिपकागद
उंचीचं मान्य, पण नजर त्या रेषेवर जाऊन अडकते त्याचं काय? माझ्या बहिणीने भिंती, छत, दारांच्या चौकटी सगळं एकाच रंगात केलं. कोपरे दिसेनासे झाले आणि खोली कुठे संपते ते कळत नाही. लहान खोली आहे, पण कोंदट वाटत नाही.

कुंचला
लहान खोलीत चालेल, तिथे आपण थोडाच वेळ असतो. लांबट खोलीत छतही गडद केलं तर बोगदा. मी करणार नाही, कुणी सांगितलं तर दोनदा विचारून करीन.

मोजपट्टी
मधला मार्ग: छत पांढरं न घेता पिवळसर झाकेचं मळकट पांढरं. एलआरव्ही ७०-७५ असला तरी उजेड पुरेसा परततो आणि ती रेष मऊ होते. निळसर पांढरं मात्र नको, गेरूशेजारी ते ट्यूबलाइट लावल्यासारखं दिसतं.

मातीचे_पाय
उशिरा आलो. रंग टिकण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

गेरूचा लाल म्हणजे हेमेटाइट, लोहाचं ऑक्साइड. पिवळ्या मातीत गोथाइट असतं, त्यात पाणी बांधलेलं असतं. पिवळी माती भाजली की ते पाणी उडतं आणि ती लाल होते. चित्रकारांच्या डब्यातली कच्ची सिएना आणि भाजलेली सिएना यांच्यात फरक तेवढाच. अंबर नावाच्या तपकिरी मातीत मॅंगनीज असतं म्हणून ती जास्त काळपट.

ही द्रव्यं उन्हाने विटत नाहीत आणि चुन्याच्या तिखट क्षारातही टिकतात. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत माणसाने रेघा कोरलेले गेरूचे तुकडे सापडलेत, वय ७० हजार वर्षांच्या वर, आणि अजून लालच आहेत. बरेचसे सेंद्रिय लाल रंग मात्र उन्हात काही वर्षांत फिके होतात. म्हणून ऊन येणाऱ्या खोलीत विटकरी घेताना दुकानदाराला विचारा, छटा ऑक्साइडवर बनते की सेंद्रिय लालवर. मिसळण्याच्या यंत्रात दोन्ही असतात.

उंटावरचा
म्हणजे "गुहा होईल" हे ऐतिहासिकदृष्ट्या बरोबरच होतं म्हणायचं.

मातीचे_पाय
:) त्यांचं इंटिरिअर मात्र आपल्यापेक्षा जास्त टिकलं.

सावळागोंधळ
अवांतर, पण घरून काम करणाऱ्यांसाठी. मागे मोठी विटकरी भिंत असली की लॅपटॉपचा कॅमेरा गोंधळतो. सगळं चित्र फार लाल आहे असं समजून तो रंग थंड करतो आणि आपण मीटिंगमधे आजारी दिसतो. दुसरीकडे, समोरची भिंत गडद लाल असेल तर तिचा तांबडा उजेड तोंडावर येतो. आरशात मेकअप करणाऱ्यांना बाहेर पडल्यावर कळतं काय झालंय ते. चित्रं काढायची खोली असेल तर हा रंग नकोच, तिथे करडा.

निशाचर
हे फार खरं आहे. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स (चित्राचा रंग थंड-उबदार करण्याची सोय) हाताने ठरवता येत असेल तर ठरवून टाका.

ओलावा
सगळे छटांवर बोलतायत, माझा अनुभव भिंतीचा. बाहेरच्या बाजूच्या भिंतीत थोडी ओल होती. फिकट रंग होता तोवर कुणाच्या लक्षातही आलं नाही. गडद तपकिरी मारला आणि पहिल्याच पावसानंतर खाली पांढरी बुरशी आली असं वाटलं. बुरशी नव्हती, क्षार होते. पाणी भिंतीतून बाहेर येतं, उडून जातं आणि मीठ मागे ठेवतं. फिकट भिंतीवर ते लपतं, इथे नकाशा उमटतो. नुसतं वरून पुसून पुन्हा रंग मारणारा रंगारी भेटला तर त्याला परत पाठवा. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग पुढचं. नवा गिलावा असेल तर त्यालाही निदान महिनाभर द्या.

तिरकस
आणि धूळ! गडद भिंतीवर धूळ दिसते हे कुणीच सांगत नाही. स्कर्टिंगच्या वरच्या कडेवर फिकट रेघ येऊन बसते.

खिडकीबाई
धूळ फिकट भिंतीवरही असतेच की. इथे फक्त दिसते. (हलके घ्या.)

वळणवाट, लालसर पॉलिशच्या दारांबद्दल कुणी लिहिलं नाही. तो खरा पेच आहे. लाकूड आणि भिंत एकाच जातीच्या लालात असली की दोन्ही एकमेकांत विरघळतात आणि दार नुसतं घाणेरडं दिसतं. एकतर भिंत लाकडापेक्षा स्पष्ट गडद घ्या, नाहीतर चौकट भिंतीच्याच रंगात रंगवून टाका. सोफ्याची मात्र काळजी नको. मळका हिरवा आणि गेरू एकमेकांना उजळवतात, दोन्हींत मातकटपणा आहे म्हणून भांडत नाहीत.

मोजपट्टी
गंमत म्हणून: तपकिरी रंगाचा प्रकाश नसतो. इंद्रधनुष्यात तपकिरी नाही. नारिंगीच असतो, पण भोवतालपेक्षा अंधारलेला दिसला की मेंदू त्याला तपकिरी म्हणतो. अंधाऱ्या खोलीत फक्त त्या भिंतीवर झोत टाका, ती नारिंगी दिसायला लागेल. म्हणून खोलीत कुठेतरी काही फिकट असणं भाग आहे. लँपशेड, फरशी, कागद, काहीही. ते नसेल तर तपकिरी रंग तपकिरी राहत नाही.

उंटावरचा
आमच्या घरात फिकट म्हणजे माझे केस. पुरतील का?

वळणवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. पुठ्ठे केले, फिरवले, दिवा बदलून पाहिला. काय ठरलंय ते सांगते.

खिडकीची भिंत आणि छत एकाच मळकट, पिवळसर पांढऱ्यात. उरलेल्या तिन्ही भिंती गडद, पिवळट झाकेची छटा, धुता येणारा मॅट. दारांच्या चौकटी भिंतीच्या रंगात, पल्ले तसेच लाकडी. मधला दिवा काढून टाकला नाही, पण त्याचं बटण कुणी दाबायचं नाही असा ठराव झालाय. तीन लॅम्प येतील. बाहेरच्या भिंतीला ओल आहे का ते बघायला उद्या माणूस येतोय, त्याचं काय निघतं त्यावर तारीख ठरेल.

नवरा "तीन म्हणजे जवळजवळ सगळ्याच की" म्हणाला. सोफ्यामागे पुठ्ठा लावून रात्री बसवलं तेव्हा गप्प बसला, ते होकारार्थी धरलंय.

एक राहिलं. भिंतीवर पांढरे स्विचबोर्ड आहेत, तेही डोळ्यांच्या उंचीवर. पुठ्ठा शेजारी धरला तर भिंतीपेक्षा तेच आधी दिसतात. रंगवता येतात का?

कुंचला
रंगवू नका. प्लॅस्टिकवर धड बसत नाही, बोटांनी आठवड्यात उडतो आणि फटींत गेला तर बटणं अडकतात. गडद करड्या किंवा काळपट तपकिरी प्लेटा मिळतात, त्याच बदलून घ्या. रंगकामाच्या आधी मेन बंद करून जुन्या प्लेटा सैल करून ठेवायला सांगा. भोवतीने ब्रश फिरवला तर नवी प्लेट बसवताना कडेने पांढरी फट उघडी पडते आणि गडद भिंतीवर ती लांबून दिसते.

आणि मास्किंग टेप लावणार असाल तर शेवटचा हात ओलसर असतानाच तिरका ओढून काढा. वाळला असेल तर आधी कडेने ब्लेड फिरवा, नाहीतर छताच्या रेषेवरचा रंग टेपबरोबर येतो.